साथ आली तरी कामावर जावेच लागते



२४ मार्च २०२० च्या रात्री साऱ्या देशाला सांगण्यात आले की उद्यापासून घरातच राहायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या वस्तीतून नेहमीचीच माणसे बाहेर पडली. घंटागाडीवरचे दोन भाऊ, दवाखान्यात फरशी पुसणारी एक ताई, वॉर्डात आयाचे काम करणाऱ्या एक मावशी आणि रात्रपाळी करून परतणारा एक वॉचमन. घरात राहा असे सांगितलेले त्यांनीही ऐकले होते. पण शहराचा कचरा उचलल्याशिवाय आणि दवाखान्याची फरशी पुसल्याशिवाय बाकीच्यांनाही घरात राहता आले नसते.

या आरोग्य पानावर आपण आजवर ताप, मधुमेह, बाळंतपण, रक्त कमी असणे असे विषय घेतले. या वेळी कामाच्या जागेचा विषय घेतला आहे. आपल्या घरातले बहुतेक लोक हातावर पोट असलेले. साथ आली की आजार आपल्या घरात बाजारातून येतो, तसाच कामाच्या जागेवरूनही येतो. तेथे बचावाची काय सोय असते आणि कामावरून परतणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, या दोन गोष्टींवर कितीतरी जणांचे जगणे-मरणे ठरले. कोरोना ओसरला म्हणून हा धडा शिळा झालेला नाही. क्षयरोग आजही हवेतूनच पसरतो, स्वाइन फ्लू मधूनमधून डोके वर काढतो आणि पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही.

आधी रोग कसा पसरतो ते समजून घेऊ

विहारात एका कोपऱ्यात उदबत्ती लावली तर थोड्या वेळाने दुसऱ्या कोपऱ्यातही वास येतो. दारे-खिडक्या बंद असतील तर धूर तेथेच साचतो. उघड्या असतील तर विरून जातो. कोरोनाचे विषाणू बऱ्याच अंशी असेच पसरतात. आजारी माणूस बोलतो, खोकतो, गातो किंवा नुसता श्वास सोडतो, तेव्हा अगदी बारीक थेंब बाहेर पडतात. त्यातले मोठे थेंब तीन-चार फुटांवर खाली पडतात. बारीक कण मात्र बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. शिवाय हा आजार अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात, आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो.

सुरुवातीच्या काळात सगळा भर हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर होता. हात धुणे चांगलेच. साबणाने विषाणूच्या भोवतीचे चरबीचे वेष्टण फुटते, म्हणून वीस सेकंद चोळून धुतले की तो निकामी होतो. पण हवेकडे दुर्लक्ष झाले. कित्येक कामाच्या जागी दारात सॅनिटायझरची बाटली ठेवली गेली आणि आत तीस माणसे बंद खोलीत बसवली गेली. तपासणी झाली बाटलीची. खिडकी उघडी आहे का, हे कोणी विचारले नाही.

दुसरी चूक म्हणजे माणसांवर औषध फवारणे. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले गेले. फरशी धुण्याचे ते पाणी डोळ्यांत, तोंडात गेले. आपल्याकडेही अनेक ठिकाणी फवारणीचे बोगदे उभे राहिले होते. अखेर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिल २०२० रोजी स्पष्ट सांगावे लागले की माणसांच्या अंगावर असे रसायन मारू नका. त्याचा उपयोग नाही आणि इजा मात्र होते. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की विमानाने आलेल्या कोणाला रस्त्यावर बसवून फवारले गेले नाही. फवारले गेले ते मजुरांना.

घंटागाडी आणि सफाई

कचरा उचलणाऱ्याला दोन धोके. एक लोकांच्या श्वासाचा, दुसरा कचऱ्यातल्या वस्तूंचा. साथीत घराघरांतून वापरलेले मास्क, हातमोजे, रुग्णाचे रुमाल, इंजेक्शनच्या सुया एकाच बादलीत यायच्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तेव्हा नियम सांगितला होता. घरात रुग्ण असेल तर त्याचा कचरा वेगळ्या पिवळ्या पिशवीत द्यावा. घरात रुग्ण नसेल तरी वापरलेले मास्क आणि हातमोजे कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवावेत आणि कापून मगच कचऱ्यात टाकावेत. किती घरांनी हे पाळले? फार थोड्या. ज्याच्या हाताने कचरा उचलला जातो, त्या हाताचा विचार करायची सवयच आपल्या समाजाला नाही.

आमच्या वस्तीतल्या एका भावाने सांगितले ते असे. पहिल्या महिन्यात त्यांना एक कापडी मास्क आणि पातळ हातमोज्यांची एक जोडी मिळाली. हातमोजे दुसऱ्या दिवशी फाटले. नवे मागितले तर 'महिन्याला एकच जोडी' असे उत्तर मिळाले. मग ते दुधाच्या रिकाम्या पिशव्या हाताला बांधून काम करू लागले. त्यांच्या ठेकेदाराचे नाव आम्ही येथे देत नाही. असा अनुभव अनेक गावांत अनेकांना आला आहे.

सफाई कामगाराला खरे तर काय मिळायला हवे? जाड रबरी हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, एप्रन, नाक-तोंड नीट झाकणारा मास्क, आणि काम संपल्यावर हातपाय धुण्यासाठी साबण-पाणी व कपडे बदलायला जागा. शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत स्वस्त आहेत आणि नेमक्या त्याच मिळत नाहीत. त्यामुळे कामावरचे कपडे अंगावर घेऊनच माणूस लेकराबाळांत येतो.

ऊसतोडीचा फड

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या प्रवरानगरचाच. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची आणि शेजारच्या बीड जिल्ह्याची हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन फडावर जातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही माणसे कोप्यांमध्येच अडकली. राज्यात ३८ कारखान्यांच्या आवारात सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजूर अडकल्याचा आकडा तेव्हा सरकारनेच दिला होता. १७ एप्रिलला त्यांना तपासणी करून गावी जाण्याची परवानगी मिळाली. साऱ्या देशाला घरात राहा असे सांगितल्यानंतर साडेतीन आठवड्यांनी!

कोपी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. पाचटाचे किंवा ताडपत्रीचे छप्पर, आत वाकून जायचे, एका कोपीत पाच-सहा माणसे. पाण्याचा एक टँकर, त्यावर सगळ्यांची गर्दी. तेथे 'सहा फूट अंतर ठेवा, वारंवार हात धुवा' ही सूचना कशी पाळायची? सूचना चुकीची नव्हती. ती पाळता येईल अशी जागा आणि पाणी देणे ज्याचे काम होते, त्याने ते केले नाही. तरीही आजार झाल्यावर दोष मजुरालाच लागला, 'हे लोक ऐकत नाहीत.'

ही माणसे गावी परतली तेव्हा काही ठिकाणी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. काही गावांनी मात्र शाळेच्या खोल्या उघडून दिल्या, डबे पोचवले. दोन्ही प्रकारची गावे आपल्याच भागातली. साथीच्या काळात गाव कसे वागले, यावरून त्या गावाची ओळख पटते.

घर हीच कामाची जागा

नगर शहरात आणि संगमनेरकडे कितीतरी बाया घरी बसून बिड्या वळतात. कोणी पापड लाटते, कोणी शिलाई करते. येथे मालक दिसत नाही, कारखान्याचे फाटक नाही. म्हणून सुरक्षेचे काही असते हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तंबाखूची धूळ, चूल आणि झोपलेले मूल. ज्याची छाती आधीच अशी कमकुवत झालेली असते, त्याला श्वासाचा कोणताही आजार जड जातो. घरकाम करणाऱ्या आपल्या बहिणींचे वेगळेच. सोसायटीने त्यांना महिनोन्महिने दारातून परत पाठवले. पुढे बोलावले तेव्हा जिन्यातून यायला सांगितले, लिफ्ट बंद. आजार लिफ्टमध्ये मालकीण आणि मोलकरीण असा फरक करत नाही. तो फरक माणसांनी केला.

६ नोव्हेंबर २०२१

आपल्या जिल्ह्याने विसरू नये असा हा दिवस. दिवाळीचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास सिव्हिल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात आग लागली. आत कोरोनाचे १७ रुग्ण होते, बरेचसे ऑक्सिजनवर. त्या दिवशी ११ जणांचा जीव गेला. इमारत जुनी-पडकी नव्हती. हा विभाग कोरोनासाठी नव्यानेच उभारलेला होता.

याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा तान्ही बाळे दगावली होती. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांची आगीच्या दृष्टीने तपासणी करण्याचे आदेश निघाले होते. एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयात पुन्हा अशीच आग लागली. म्हणजे इशारे मिळालेले होते.

नगरच्या घटनेनंतर काही जण निलंबित झाले आणि पोलिसांनी अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता: वीजजोडणी कोणी केली, आग विझवण्याची यंत्रणा का बसली नाही, त्याची जबाबदारी कोणाची? कोणाचा किती दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम, त्यात आम्ही पडत नाही. पण आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवतो. ज्या खोलीत ऑक्सिजन भरपूर असतो, तेथे लहानशी ठिणगीही भडका उडवते. म्हणून अशा जागी चांगल्या प्रतीची वायर, जास्त भार पेलणारी जोडणी, पाण्याचे फवारे, धुराची घंटा आणि बाहेर पडायला दुसरा दरवाजा लागतो. कामगार सुरक्षित असेल तरच रुग्ण सुरक्षित असतो. तेथे काम करणारी आया, वॉर्डबॉय, नर्स आणि खाटेवरचा रुग्ण एकाच छताखाली, एकाच धुरात असतात.

लोकांची नजर

रोगापेक्षा लोकांची नजर काहींना अधिक लागली. हे लिहिताना आम्हाला स्वतःपासूनच सुरुवात केली पाहिजे.

वर ज्या आयाबाईंचा उल्लेख केला, त्या मावशी कोरोना वॉर्डात काम करू लागल्या तेव्हा आमच्याच गल्लीत कुजबुज सुरू झाली. सार्वजनिक नळावर त्यांची बादली शेवटी ठेवायची, असे न बोलता ठरले. त्यांच्या नातवाला कोणी खेळायला घेईना. एके दिवशी मावशी म्हणाल्या, "माझी आई सांगायची, गावच्या विहिरीवर आम्हाला वरून पाणी वाढायचे. मला वाटलं, ते दिवस गेले."

आमची मान खाली गेली. चवदार तळ्याचा सत्याग्रह दरवर्षी २० मार्चला आठवणारे आपण, आणि आपल्याच नळावर आपण हे केले. त्या रविवारी आम्ही पाच-सहा जण मावशींच्या दारात गेलो आणि माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची बादली पहिली लागू लागली, कारण त्यांना ड्युटीला लवकर जायचे असायचे. हे आम्ही मोठेपणा म्हणून सांगत नाही. चूक आपल्याकडूनही होते आणि ती दुरुस्त करता येते, एवढेच सांगायचे आहे.

'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. मराठीत त्याचे 'सामाजिक अंतर' झाले. आपल्या कानाला हा शब्द टोचतो, कारण सामाजिक अंतर म्हणजे काय हे आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षे भोगले. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरायला सुरुवात केली. अंतर शरीरांत ठेवायचे असते, माणसांच्या नात्यात नव्हे. साथीचे अंतर ठराविक दिवसांचे असते, ते आजार पाहून ठेवतात आणि रुग्ण बरा झाला की संपते. अस्पृश्यता जन्मावरून ठरते आणि बरी होण्याची वाटच ठेवत नाही. हा फरक मुलांना नीट समजावून सांगा.

बोट कोणाकडे दाखवले गेले याचे आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. तबलिगी जमातीच्या कार्यक्रमाला येऊन आपल्या जिल्ह्यात थांबलेल्या २९ परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. त्या महिन्यांत एका संपूर्ण धर्माच्या लोकांना आजार पसरवणारे ठरवले गेले, काही ठिकाणी त्यांच्याकडून भाजी घेणेही बंद झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे गुन्हे रद्द केले आणि संकट आले की बळीचा बकरा शोधला जातो, अशा आशयाचे परखड मत नोंदवले. आज दुसऱ्यावर उठलेले बोट उद्या आपल्या वस्तीवर उठते. पटकीची साथ आली की दोष कोणत्या वाड्यावर यायचा, हे आपल्याला सांगायला नको.

तिसरी वृत्ती कंटाळ्याची. लाट ओसरली की 'गेला आता कोरोना' म्हणून मास्क खिशात जातो. दुसऱ्या लाटेनंतर राज्य मोकळे होत होते, तेव्हा आपल्या जिल्ह्यात मात्र रुग्ण कमी होईनात. शेवटी ४ ते १३ ऑक्टोबर २०२१ या काळात ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी लावावी लागली. त्याचा फटका पुन्हा हातावर पोट असणाऱ्यालाच. याउलट नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दुसऱ्या लाटेत गावातल्या लोकांची पथके केली, घरोघरी तपासणी केली, लक्षणे दिसताच माणसाला वेगळे ठेवले आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले. तेथे कोणी जादू केली नाही. लपवाछपवी होऊ दिली नाही, एवढेच. माणूस आजार कधी लपवतो? सांगितले तर रोजगार बुडेल किंवा लोक वाळीत टाकतील, ही भीती असते तेव्हा. ही भीती घालवली की आजार आपोआप उघडा पडतो.

आपल्या समाजाने एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी. १४ एप्रिल २०२० ची जयंती आपण घरात दिवा लावून साजरी केली. त्या वर्षी दीक्षाभूमीवर गर्दी केली नाही, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो नाही. आपल्यासाठी यापेक्षा मोठे दिवस नाहीत. तरीही लाखो लोकांनी मनाला आवर घातला. ही शिस्त आपल्यात आहे.

सावित्रीमाईंची वाट

साथीत माणसाने कसे वागावे, याचा धडा आपल्याला बाहेर शोधायला नको. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्याकडे प्लेग पसरला. त्याच धास्तीतून ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, जो २०२० मध्येही वापरला गेला. प्लेग कमिशनर रँडच्या काळात घरे उघडून रुग्णांना जबरदस्तीने नेले जाई, लोक घाबरून रुग्ण लपवीत. अशा वेळी सावित्रीबाई फुले यांनी आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांना बोलावून हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला. माईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. याच माईंनी तरुणपणी आपल्या नगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले होते.

तथागतांचीही कथा आपल्याला ठाऊक आहे. आमांशाने लोळत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदासह स्वतः त्याला धुऊन-पुसून खाटेवर निजवले आणि संघाला समजावले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. करुणा हवीच. पण १८९७ मध्ये माईंजवळ ना मास्क होता ना प्लेगवर औषध. आज आपल्याजवळ साधने आहेत. म्हणून सेवा करणाऱ्याला साधनांशिवाय आजाऱ्याजवळ पाठवणे ही करुणा नव्हे, तो त्याच्यावरचा अन्याय आहे.

हक्क कोणते?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास कमी करून आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्यांच्याच काळात आली. कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. अडारकर यांचा अहवालही त्याच वेळचा. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो आला. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने मोकळी हवा, गर्दी नसणे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, हात धुण्याची सोय आणि प्रथमोपचार पेटी ही मालकाची जबाबदारी ठरवली. साथीत मागितल्या गेलेल्या बहुतेक गोष्टी या जुन्या यादीतच होत्या. २०२० च्या नव्या संहितेतही कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे मालकाचेच कर्तव्य आहे. मास्क किंवा हातमोज्यांचे पैसे पगारातून कापणे योग्य नाही.

ईएसआयमध्ये २०१७ पासून महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतनाची मर्यादा आहे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारपणात डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकते. कंत्राटी कामगारही यात येतो. तुमच्या पगारातून कपात होते का आणि तुमच्या नावाचे कार्ड आहे का, एवढे आजच पाहा.

कोरोनात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने ५० लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले. त्यात रुग्णालयातले सफाई कामगार, वॉर्डबॉय, आशाताई आणि कंत्राटी माणसेही होती. पण दावा करताना प्रश्न येई, हा माणूस खरोखर तेथे ड्युटीवर होता याचा कागद कोठे आहे? कंत्राटी कामगाराचे मस्टर ठेकेदाराकडे आणि त्याच्या घरच्यांकडे काहीच नाही. येथे कागद हा मास्कइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक. २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्याला मारहाण किंवा छळ केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नर्सला किंवा आशाताईला घर सोडायला लावणे, वस्तीत येऊ न देणे, याला हौस म्हणून कोणी पाहू नये. तो गुन्हा आहे.

आपण काय करायचे?

कामावर:
१. हवा आधी पाहा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. एकच खिडकी असेल तर पंख्याचे तोंड बाहेर करून ठेवा, आतली हवा बाहेर जाते.
२. मास्क नाकावर घट्ट बसला पाहिजे. गर्दीत किंवा रुग्णाजवळ एन-९५ चांगला. ओला झालेला मास्क बदला.
३. जेवणाच्या सुट्टीत सावध राहा. मास्क तेव्हाच निघतो आणि गप्पाही तेव्हाच होतात. शक्यतो उघड्यावर, थोडे दूर बसून जेवा. कामगारांना नेणाऱ्या टेम्पोची ताडपत्री बाजूने गुंडाळून ठेवा.
४. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो.
५. सुई टोचली तर जखम पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि ताबडतोब डॉक्टरांना कळवा. एचआयव्ही टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले.
६. ताप-खोकला असेल तर लपवून कामावर जाऊ नका. एकाचा दिवस वाचवायला गेलो तर दहा जणांचे पंधरा दिवस जातात.

कागदपत्रे:
७. एक वही ठेवा. तारीख, कामाची जागा, पाळी, मुकादमाचे नाव आणि मिळालेले साहित्य रोज लिहा. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या. ओळखपत्राचा फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्येही असू द्या.
८. साहित्य मिळत नसेल तर मागणी लेखी करा, पाच-दहा जणांच्या सह्यांनी करा आणि पोच घ्या. एकट्याला दटावता येते, दहा जणांना नाही.
९. कामाच्या जागी आग लागली तर बाहेर कोठून पडायचे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. दुसरे दार कुलूपबंद असेल तर ते उघडे ठेवायला सांगा.

वस्तीत:
१०. कामावरून आलेल्या माणसाला आधी हातपाय धुवायला आणि कपडे बदलायला आडोसा व पाणी द्या.
११. आजारी घराला एक कुटुंब दत्तक घ्या. डबा, पाणी, औषध दारात पोचवा, रोज हाक मारून विचारपूस करा.
१२. सुया, फुटकी काच, वापरलेले मास्क वेगळे बांधून द्या. ते उचलणारा हात बहुधा आपल्याच भावाचा असतो.
१३. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी व औषध मोफत आहे आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना हजार रुपये बँक खात्यात मिळतात.

विहारात चर्चेसाठी

रविवारच्या वंदनेनंतर हा लेख कोणीतरी मोठ्याने वाचावा आणि पुढच्या प्रश्नांवर अर्धा तास बोलावे.

आपल्या वस्तीतले किती जण दवाखान्यात, सफाईत, कारखान्यात, फडावर काम करतात? त्यांची यादी आहे का?
त्यांच्यापैकी किती जणांकडे ओळखपत्र आणि ईएसआय कार्ड आहे?
कोरोनात आपण कोणाशी चुकीचे वागलो? त्या घरी जाऊन आलो का?
पुन्हा साथ आली तर आजाऱ्याला वेगळे ठेवायला विहाराची किंवा समाजमंदिराची खोली देता येईल का? तिला दोन खिडक्या आहेत का?

शेवटचा प्रश्न अगदी साधा वाटेल. पण आमच्या विहाराच्या खोलीची दुसरी खिडकी कित्येक वर्षे विटा लावून बुजवलेली होती. कोरोनानंतर तरुणांनी एका रविवारी त्या विटा काढल्या आणि जाळी बसवली. आता वंदनेच्या वेळी उदबत्तीचा धूर आत साचत नाही. मावशी अजूनही पहाटे त्याच खिडकीवरून ड्युटीला जातात.

जयभीम.